मागची काच

उघड्या टपाच्या गाडीची मागची काच ही मुळात काच नसतेच. टप कापडाचा, तो घडी होऊन सीटच्या मागे जाऊन बसणार, म्हणून त्यात शिवलेली खिडकीही घडी होणारी हवी. काच घडी होत नाही. म्हणून तिथे प्लास्टिक. तरीही फौजेत काय आणि बाहेर काय, सगळे तिला 'काच'च म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे.

ज्यांनी जिप्सी किंवा जोंगा चालवली आहे त्यांना ही काच वेगळी सांगायला नको. नवी असते तेव्हा पाण्यासारखी स्वच्छ. दोन-तीन उन्हाळे गेले की कडेने पिवळी पडते, मग दुधाळ होते, मग घडी पडते तिथे पांढरी रेघ उमटते आणि एक दिवस त्याच रेघेवर फाटते. लेहला असताना आमच्या एका ड्रायव्हरने जानेवारीतल्या सकाळी जिप्सीचं मागचं हूड गुंडाळायला घेतलं, तर काच पापडासारखी मोडली. आवाजसुद्धा पापडाचाच. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला होता, ऊन अंगावर आल्याशिवाय हूडला हात लावायचा नाही.

असं का होतं ते मला पुढे कळलं. ही काच पीव्हीसीची. मूळ पीव्हीसी कडक असतं, आपल्या घरातल्या पाण्याच्या पाइपसारखं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळतात, त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. उन्हाने आणि वर्षांनी ते द्रव्य हळूहळू बाहेर पडत जातं. काच कडक होते आणि थोडी आकसतेही. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकच्या आतली बांधणी मोडतात, त्यातून पिवळेपणा येतो. उंचीवर हे किरण जास्त तिखट. दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. म्हणजे डोंगरातल्या गाडीची काच मैदानातल्या गाडीपेक्षा आधी म्हातारी होते. डोंगरात राहिलेल्या जवानाच्या चेहऱ्यासारखंच.

हे सगळं मी ज्या गाडीमुळे शिकलो ती मात्र जिप्सी नव्हती.

२०११ साली माझं पोस्टिंग वेलिंग्टनला होतं. तामिळनाडूत, निलगिरीत, कुन्नूरला लागून असलेली ही छावणी. मद्रास रेजिमेंटचं सेंटर इथे, डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेज इथे. मेट्टुपाळयमहून उटीला जाणारी छोटी रेल्वे छावणीतूनच जाते. हवा अशी की आलेला माणूस परत जायला नाखूष असतो. म्हणून तर कितीतरी मोठे अधिकारी निवृत्तीनंतर या भागात राहिले. फील्ड मार्शल सॅम माणेकशॉ कुन्नूरलाच राहत होते. मी तेव्हा नायब सुभेदार होतो, एमटी जेसीओ. म्हणजे युनिटच्या गाड्या, ड्रायव्हर, डिझेल, टायर, लॉगबुक, सगळं माझ्या गळ्यात.

कुन्नूरच्या चढावर एका जुन्या बंगल्यात एक निवृत्त कर्नल साहेब राहत. आर्मर्डचे, म्हणजे रणगाड्यांचे. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्याकडे मर्सिडीझ-बेंझ २८० एसएल होती, १९८४ ची, दोन दारांची, कापडी टपाची. इंग्लंडमध्ये राहिलेल्या त्यांच्या थोरल्या भावाची ती गाडी. भाऊ भारतात परतताना घेऊन आले आणि जाताना याला देऊन गेले. ही गाडी मर्सिडीझने १९७१ ते १९८९ अशी अठरा वर्षं बनवली, एकूण २,३७,२८७. तिची बांधणी इतकी दणकट की तिला 'पॅन्झरवॅगन', रणगाडा, असं टोपणनाव पडलं होतं. कर्नल साहेब हे प्रत्येक पाहुण्याला सांगत. "मला आयुष्यभर रणगाडेच मिळाले," असं म्हणून हसत.

साहेबांची ऐपत गाडीएवढी नव्हती. पेन्शनवर घर चालायचं. पण गाडी स्वच्छ, इंजिन घड्याळासारखं. बिघडलेलं एकच, मागची काच. या गाडीच्या टपाला तीन खिडक्या असतात. मागे मधली मोठी आणि दोन्ही कोपऱ्यांत दोन लहान. तिन्ही प्लास्टिकच्या, कापडात शिवलेल्या. मधली तर हळदीच्या दुधासारखी झालेली आणि एका कोपऱ्यात वीतभर चीर. त्या चिरेवर कुणीतरी गोंदाची पट्टी चिकटवून दिली होती, तिने प्लास्टिक आणखी कडक झालं होतं. कुन्नूरच्या वळणांवर मागून येणारी बस दिसायला नको? मेमसाहेबांनी गाडीत बसायचं सोडून दिलं होतं.

मोठ्या शहरातल्या एका गॅरेजने सांगितलं होतं, नुसती काच बदलता येत नाही, पूर्ण टपच बदलावा लागेल, तो परदेशातून मागवावा लागेल. जो आकडा सांगितला तो साहेबांच्या वर्षभराच्या पेन्शनला भारी होता. दुसऱ्याने सांगितलं, काच कापून मशीनवर नवी शिवून देतो, पण टप सत्तावीस वर्षं जुना, मशीनची सुई नवी भोकं पाडील, कापड टिकेल याची हमी नाही. हा दुसरा माणूस खोटं बोलत नव्हता. जुन्या कापडात जुन्या भोकांशेजारी नव्या भोकांची रांग पडली की पोस्टाच्या तिकिटासारखं होतं, ओढ बसली की त्या रेघेवर सुटतं.

साहेबांनी एका संध्याकाळी मला विचारलं, "सुभेदार साहेब, तुमच्या जिप्सींची हुडं कोण शिवतं?"

आता उस्तादांबद्दल सांगायला हवं.

आमच्या युनिटमध्ये एक हवालदार होते, ईबीआर. इक्विपमेंट अँड बूट रिपेअरर. नव्या वाचकांना हा ट्रेड ठाऊक नसेल. बुटाचा तळवा निघाला, पिट्टूचा पट्टा तुटला, तंबूची कड उसवली, हूड फाटलं, की सगळी पलटण ईबीआरकडे. परेडच्या आदल्या रात्री तर त्याच्या दारात रांग. सगळे त्यांना उस्ताद म्हणत, आणि मीही. ते कोल्हापूर जिल्ह्यातले, कागल तालुक्यातले. मी साताऱ्याचा. युनिटमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे रविवारचा चहा एकत्र.

उस्तादांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चपलांचं काम. कोल्हापुरी चपला साऱ्या जगाला ठाऊक, त्या शिवणारा हात कुणाला ठाऊक नसतो. त्यांच्या वडिलांनी त्यांना एकदा आरी-रापी हातातून काढून घेऊन सांगितलं होतं, "फौजेत जा. म्हंजे ह्ये सुटंल." पोरगा भरतीला उभा राहिला, पळाला, निवडला गेला. आणि फौजेने ट्रेड दिला तो ईबीआर.

चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी गावी एकदाही सांगितलं नव्हतं की आपण काय करतो. 'गाड्यांच्या कामावर हाय,' एवढंच. लेकीच्या कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'सैनिक'. ते खरंच होतं. फौजेत लंगर एक, बॅरक एक, तिथे कुणी कुणाला विचारत नाही. गावात विचारतात. न विचारताही विचारतात. ३० एप्रिलला ते निवृत्त होणार होते. पुण्यात एका इमारतीवर सिक्युरिटी गार्डची नोकरी मेहुण्याने बघून ठेवली होती, बारा तासांची पाळी. मी एकदा म्हटलं, "उस्ताद, हातात एवढी कला आहे, आणि शिट्टी घेऊन गेटवर बसणार?" तर म्हणाले, "गार्डाला कुणी जात इचारत न्हाई, साहेब. आरी हातात धरली की कोण इचारत बी न्हाई, समजूनच घेतात."

यावर मी काय बोलणार? चहा संपवला.

कर्नल साहेबांचा प्रश्न मी उस्तादांना सांगितला. ते म्हणाले, "मर्सिडीझ? न्हाई जमायचं." पण दुसऱ्या रविवारी आपण होऊन म्हणाले, "बघून तर येऊ."

त्यांनी गाडी कशी बघितली ते मला आठवतं. बॉनेटकडे, त्या चांदणीकडे नजरही नाही. सरळ मागे गेले, गुडघ्यावर बसले, टपाच्या शिवणीवरून बोट फिरवलं. आतून बघितलं, बाहेरून बघितलं. नखाने एक टाका उचलला. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात मराठीत म्हणाले, "कापड जित्तं हाय. दोरा मेलाय, प्लास्टिक मेलंय, पण कापड जित्तं हाय. मशीन लावायची न्हाई. हातानं, जुन्याच भोकांतनं."

साहेबांना मी ते समजावून सांगितलं. साहेबांनी एकच विचारलं, "हो जाएगा?" उस्ताद म्हणाले, "हो जाएगा, सर." तोवर ते कबूल झालेले नव्हते, हे वाक्य तोंडातून निघून गेलं.

सीओ साहेबांची परवानगी काढली. अटी स्पष्ट होत्या: रविवारी, साध्या कपड्यांत, युनिटचा एक दोराही वापरायचा नाही आणि पैसे घ्यायचे नाहीत. बरोबरच होतं.

पहिलं काम माल. कोइंबतूरला माझी दर महिन्याला फेरी असे, उस्ताद बरोबर आले. दुकानदाराने आधी टेबलावर घालतात तसलं प्लास्टिक काढलं. उस्तादांनी ते हातभर अंतरावर धरलं आणि त्यातून रस्त्यापलीकडचा विजेचा खांब बघितला. खांब नागासारखा वाकडा. "ह्यातनं मागची बस दोन दिसंल," म्हणाले. चार दुकानं फिरल्यावर पाहिजे ते मिळालं. गुळगुळीत पत्र्यांमध्ये दाबून पॉलिश केलेलं, एक मिलिमीटर जाडीचं. त्यातून खांब सरळ दिसला. ते घडी न करता मोठ्या नळीवर गुंडाळून, मध्ये मऊ कापड घालून आणलं. दोरा पॉलिस्टरचा घेतला. नायलॉन दिसायला मजबूत, पण उन्हात लवकर कुजतो. सुती पाणी पितो.

काम तीन रविवार चाललं. मार्च महिना, कोरडी हवा, सकाळी धुकं आणि दहा वाजता लख्ख ऊन. बंगल्याच्या पडवीत गाडी घेतली.

पहिल्या रविवारी फक्त माप. मला वाटलं होतं, जुनी काच उसवायची, नवीवर ठेवायची, रेघ मारायची, कापायची. उस्ताद म्हणाले, "ती आकसलीय. तिच्या मापाची कापली तर नवी ताणून बसवाय लागंल, मग कापड फाटंल न्हाईतर काच." त्यांनी टपाची मागची कमान सैल केली, जेणेकरून कापडावर ओढ राहणार नाही, आणि जुन्या काचेचं नव्हे तर कापडातल्या खिडकीचं माप तपकिरी कागदावर उतरवलं. दोन्ही ठेवून बघितलं तर जुनी काच लांबीत बोटभर कमी. गॅरेजवाल्याने जुनी काच ठेवून कापली असती तर? पण ते राहू द्या.

दुसऱ्या रविवारी उसवणं आणि अर्धी शिवण. सगळी काच एकदम काढली नाही. खिडकी पूर्ण मोकळी झाली की कापडाचा आकार सुटतो. म्हणून वीतभर उसवायचं, तेवढंच नवीन शिवायचं, मग पुढची वीत. नवी काच तासभर उन्हात ठेवून कोमट, लवचिक करून घेतली. टाचणी एकही नाही, कारण प्लास्टिकला पडलेलं भोक कधी बुजत नाही. धरायला लाकडी चिमटे, मेमसाहेबांच्या कपड्यांच्या दोरीवरचे.

आणि आरी. पिशवीतून त्यांनी एक जुनी लाकडी मूठ काढली, हाताच्या घामाने काळी-गुळगुळीत झालेली. वडिलांची. चोवीस वर्षं ती ट्रंकेच्या तळाशी होती. युनिटच्या कामाला ते सरकारी आरी वापरत. मुठीतलं मूळ पातं धारेचं होतं. धारेचं पातं चामड्याला बरं, पण प्लास्टिकमध्ये ते चीर पाडतं आणि चीर पुढे पळते. म्हणून त्यांनी पातं काढून तंबू शिवायच्या सुईचं गोल टोक त्या मुठीत बसवलं होतं. गोल भोक तिथल्या तिथे राहतं.

शिवण दोन सुयांची. एकच दोरा, दोन्ही टोकांना सुया, एकाच भोकातून एक आत जाते, दुसरी बाहेर येते. मशीनच्या टाक्यात एक दोरा तुटला की शिवण उसवत जाते. या टाक्यात एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. कोल्हापुरी चपलेचं सगळं काम हातशिवणीचं, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. मी गाडीच्या आत, सीटच्या मागच्या फळीवर उलटा आडवा, आणि ते बाहेर. बाहेरून सुई आली की मी ओढायची, माझी सुई त्यांच्याकडे पाठवायची, दोघांनी एकदम ताण द्यायचा. जास्त ओढली की बाहेरून आवाज, "साहेब, रणगाडा न्हाई ओढायचा. दोरा बसू द्या."

सहाशेच्या वर टाके होते. एवढ्या वेळात माणूस बोलतो. पहिल्या दिवशी आमच्या मध्ये पिवळी काच होती, त्यांचा चेहरा नुसता सावलीसारखा दिसायचा. कदाचित म्हणूनच बोलले. वडिलांनी आरी काढून घेतली त्या दिवसाबद्दल बोलले. गावातल्या एका मोठ्या घरातलं माप घ्यायला वडील गेले होते, पायरीखाली उभे राहून माप घेतलं आणि पैसे वरून टाकले गेले. पोरगा बरोबर होता, आठवीत. परत येताना वडील गप्प होते. घरी आल्यावर आरी काढून घेतली. "म्हातारा कामाला न्हाई लाजला," उस्ताद म्हणाले. "पैसं कसं दिलं त्याला लाजला. मला ह्यो फरक लई उशिरा कळला."

तिसऱ्या रविवारी चीर असलेला कोपरा आला. तिथे कापडही थोडं विरलं होतं, गोंदाच्या पट्टीने खाल्लेलं. तीन भोकं एकमेकांत मिसळलेली. त्या दिवशी उस्ताद एक तास नुसते बसून राहिले. साहेब पडवीत येरझाऱ्या घालत होते, पण तोंडातून शब्द नाही. त्या कोपऱ्यात टाका फाटला असता तर पूर्ण टप गेला असता, आणि नवा आणायची सोय नव्हती. शेवटी उस्तादांनी आतल्या बाजूने मऊ चामड्याची, दोन बोटं रुंद एक पट्टी घेतली, रापीने तिची कड कागदासारखी पातळ छिलली, म्हणजे बाहेरून फुगवटा दिसणार नाही, आणि टाके कापडातून त्या चामड्यात घेतले. ओढ कापडावर न येता चामड्यावर. चपलेला जिथे अंगठा घासतो तिथे असंच करतात म्हणे.

सगळं झाल्यावर शिवणीवर मेण चोळलं, कमान परत बसवली, टप ताणून बंद केला. काच तबल्यासारखी बसली. साहेबांच्या माळ्याने झारीने वरून पाणी सोडलं. मी आत बसून हात फिरवत होतो. कोरडं. आणि मागे बघितलं तर चहाचे मळे, त्यावरून वर चढणारी पायवाट, त्या पायवाटेवरची माणसं, सगळं नीट, सरळ.

मेमसाहेब बाहेर आल्या. काही न बोलता पुढच्या सीटवर जाऊन बसल्या आणि वळून मागच्या काचेतून बघत राहिल्या. साहेबांनी चाव्या आणल्या.

फेरी मारून आल्यावर पडवीत खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबांनी उस्तादांना शेजारी बसवलं आणि विचारलं, तुमचा ट्रेड काय? उस्ताद क्षणभर थांबले. मग म्हणाले, "ईबीआर, सर." साहेब म्हणाले, आमच्या रेजिमेंटचा ईबीआर रणगाड्याच्या सीटा शिवायचा, त्याच्यासारखा माणूस मला परत भेटला नव्हता. भाषण वगैरे काही नाही. चहा ओतला. मग पाकीट पुढे केलं. उस्ताद उभे राहिले, "सर, ३० एप्रिलपर्यंत वर्दी आहे."

साहेब हसले. आर्मर्डवाल्यांना दुसरी वाट शोधता येते. म्हणाले, "ठीक आहे. कोपऱ्यातल्या दोन लहान काचा राहिल्या आहेत. १ मेला या. आणि बिल घेऊन या. बिल नसेल तर मी पैसे देणार नाही."

३० एप्रिलला बडा खाना झाला, उस्तादांना निरोप दिला. १ आणि २ मे या दोन दिवसांत दोन्ही लहान काचा झाल्या. सराव झालेला, मी फक्त सुई ओढायला. दुसऱ्या रात्री ते माझ्याकडे कोरा कागद घेऊन आले. बिल लिहायचं होतं. आकडा आम्ही ठरवला; कोइंबतूरच्या कारागिराची दिवसाची मजुरी विचारून घेतली होती. त्यात अडचण नव्हती. पेन अडलं ते सगळ्यात वर.

"वर काय लिहू, साहेब? नाव, रँक लिहिली. खाली धंदा लिहितात नव्हं?"

मी काही सुचवलं नाही. मला ते सुचवायचा हक्क नव्हता. बराच वेळ गेला. मग त्यांनी हिंदीत, सावकाश, टाके घालावेत तसं लिहिलं: हुड, सीट, कैनवास तथा चमड़े का काम.

'चमड़े' हा शब्द लिहून झाल्यावर त्यांनी तो एकदा वाचला आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

गेटवरच्या नोकरीला ते गेले नाहीत. कागलजवळ हायवेला एक गाळा घेतला. ट्रॅक्टरची हुडं, जीपच्या सीटा, ताडपत्र्या, ट्रकची कव्हरं. सुरुवातीचं वर्ष वाईट गेलं. गावातली काही माणसं जे बोलायचं ते बोललीच. त्यांनी बोलणं थांबवलं असं मी म्हणणार नाही. पण उस्तादांनी पहिल्या दिवसापासून एक नियम ठेवला, पैसे हातात घ्यायचे, टेबलावर टाकलेले उचलायचे नाहीत. मोठ्या गाडीवाल्यालाही हाच नियम. फोनवर हे सांगताना हसत होते.

हे वाचणाऱ्यांत निवृत्तीला टेकलेले बरेच जण असतील. स्वयंपाकी, ईबीआर, न्हावी, धोबी, सुतार असे ट्रेड असलेले. आपल्याकडे गार्डची नोकरी हाच शेवट धरून चालतात. त्या नोकरीला मी कमी लेखत नाही. पण आपला ट्रेड ट्रंकेच्या तळाशी टाकण्याआधी एकदा विचार करा, तो आपल्याला नकोसा झाला आहे की कुणीतरी वरून पैसे टाकले म्हणून नकोसा झाला आहे.

आणि ज्यांच्याकडे अशी काच असलेली गाडी आहे, जिप्सी असो वा मर्सिडीझ, त्यांच्यासाठी उस्तादांच्या चार गोष्टी.

काच कोरड्या फडक्याने कधी पुसू नका. धूळ म्हणजे बारीक वाळू, ती ओरखडे काढते. आधी भरपूर पाणी, मग साबणाचं पाणी, मऊ सुती कापड, परत पाणी. घरच्या खिडक्यांचे फवारे वापरू नका, त्यातला अमोनिया आणि स्पिरिट प्लास्टिकला कडक करतात. थंडीत किंवा ओली असताना टप घडी करू नका. आधी ऊन लागू द्या, घडी घालताना काचेवर जुनं फलालिनचं कापड ठेवा. काच नुसती वरवर धुरकट झाली असेल तर प्लास्टिकच्या पॉलिशने काही महिने निघतात, पण घडीवर पांढरी रेघ आली, बोटाने दाबल्यावर ती आणखी पांढरी झाली, की पॉलिशवर पैसे घालू नका, बदला. गोंदाची पट्टी तर मुळीच नको. आणि माप काचेचं घेऊ नका, कापडाचं घ्या.

महागड्या गाड्यांनी या दुखण्यातून हळूहळू वाट काढली. पॉर्शच्या बॉक्सस्टरला २००३ च्या मॉडेलपासून खरी काच आली. मर्सिडीझने एसएलच्या पुढच्या पिढीला, १९८९ पासून, प्लास्टिकच ठेवलं आणि त्याच्या पुढच्या पिढीला कापड काढून धातूचा घडीचा टप दिला. पण जुन्या गाड्या आहेत, जिप्सी आहेत, ट्रॅक्टर आहेत. तोवर हातशिवणीला काम आहे.

कर्नल साहेब गेल्याचं चार वर्षांपूर्वी कळलं. गाडी आता त्यांच्या नातवाकडे, बंगळुरूला आहे. मागच्या दिवाळीत त्याचा उस्तादांना फोन आला होता. काच आता परत पिवळी पडायला लागली आहे म्हणाला, शिवण मात्र एका टाक्यानेही हललेली नाही. गाडी कागलला घेऊन येऊ का, असं विचारत होता.

"घेऊन ये म्हटलं," उस्तादांनी मला सांगितलं. "पावसाळ्याआधी. थंडीत न्हाई."